पहाटेच्या ग्रहयुतीचा फोटो: कॅमेऱ्याआधी पूर्व दिशा शोधा

ऑक्टोबर २०१५. कोजागरीचे दिवस होते. पश्चिमेला जवळजवळ पूर्ण चंद्र, आणि पूर्वेला शुक्र, गुरू, मंगळ पाच अंशांच्या आत दाटीवाटीने बसलेले. मी नवा कोरा कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले, ऑटो मोडवर हातात धरून चाळीसेक फोटो काढले आणि खूश होऊन खाली आले. संगणकावर उघडून बघते तर प्रत्येक फोटोत तीन शेवया. कुठे सरळ, कुठे वळलेल्या, एका फोटोत तर चक्क इंग्रजी झेड.

पुढची जमलेली युती मिळायला मला मे २०२२ उजाडावा लागला. मधल्या काळात जे काही चुकून शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्याकडे साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आहे, किंवा नुसता बऱ्यापैकी मोबाइल आहे, असं धरून चालले आहे. दुर्बिणीची गरज नाही.

काय काय लागेल

- ट्रायपॉड. स्वस्तातला चालेल, पण लागेलच. मोबाइलसाठी त्यावर बसणारी पकड.
- कॅमेरा आणि जी असेल ती लेन्स. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी पुरते, ५० मिमी असेल तर उत्तम, २०० किंवा ३०० मिमीपर्यंत जाणारी असेल तर अजून एक वेगळा फोटो मिळतो.
- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड. पहाटे साडेचारला 'कार्ड फुल' वाचण्यासारखं दुःख नाही.
- स्टेलारियम किंवा तसं एखादं आकाशदर्शनाचं ॲप. संगणकावरचं स्टेलारियम फुकट आहे.
- डोक्याला बांधायचा टॉर्च. त्याच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.
- मऊ सुती कापड. थंडीत लेन्सवर दव बसतं.
- गच्चीची चावी. हे गमतीने लिहिलेलं नाही. आमच्या सोसायटीत ती एकाच काकांकडे असते आणि ते सहाला उठतात. आदल्या रात्रीच मागून ठेवा.

१. युती नेमकी कसली, ते आधी बघा

पहिला सापळा हाच. पंचांगात किंवा राशिभविष्यात 'गुरू-शुक्र युती' वाचून लोक गच्चीवर जातात आणि दोन ग्रह चांगले वीतभर लांब दिसतात. ज्योतिषात दोन ग्रह एका राशीत आले तरी युती म्हणतात, आणि एक रास ३० अंशांची असते. फोटोसाठी आपल्याला हवी ती डोळ्यांना दिसणारी जवळीक, अंशांत मोजलेली.

अंश मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटा. करंगळीची जाडी साधारण १ अंश, आणि बंद मूठ आडवी धरली तर १० अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीच्या निम्मा असतो. (कोणालाही विचारा, चंद्र मुठीएवढा सांगतील.)

१ मे २०२२ च्या पहाटे शुक्र आणि गुरू यांच्यात सुमारे पाव अंश अंतर होतं, म्हणजे चंद्राच्या निम्म्याइतकं. १२ ऑगस्ट २०२५ ला याच जोडीत जवळपास १ अंश होतं. दोन्ही युत्या सुंदरच, पण फोटोच्या दृष्टीने पूर्ण वेगळ्या. पाच अंशांच्या आतलं काहीही उठण्यालायक आहे, असं माझं मत. त्यापुढे झोप जास्त मोलाची.

ही जवळीक नुसती दिसायची असते, हे एव्हाना कोणी सांगायला नको. त्या १ मेला शुक्र आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर होता आणि गुरू सुमारे ८५ कोटींवर.

२. तारीख आणि वेळेचा घोळ सोडवा

बाहेरच्या देशांतली खगोल-दिनदर्शिका वाचत असाल तर वेळ बहुधा जागतिक वेळेत दिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. '३० एप्रिल, रात्री ८' असं लिहिलेलं असेल तर आपल्याकडे ती १ मेची मध्यरात्र उलटून दीड वाजलेली असते, म्हणजे आपली पहाट १ तारखेची. माझ्या एका मैत्रिणीने याच चुकीपायी एक पहाट आधी उठून 'अजून लांबच आहेत की' असा मेसेज टाकला होता.

दुसरं, 'सर्वांत जवळ' हा क्षण आपल्या पहाटेला येईलच असं नाही. तो दुपारी येऊन गेला तर आपल्याला आदली आणि नंतरची अशा दोनच पहाटा मिळतात. घाबरायचं कारण नाही. शुक्र गुरूच्या तुलनेत रोज साधारण १ अंश सरकतो, त्यामुळे एक दिवस इकडेतिकडे झाला तरी जोडी करंगळीच्या अंतरावर असते. मंगळ आणि गुरूची युती तर अजून सावकाश जुळते आणि सुटते. तिथे आठवडाभर सवड असते.

बुध मात्र घाई करतो. तो सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही, त्यामुळे तो क्षितिजाला चिकटूनच असतो आणि वर येईतो उजाडतं. पहिल्या प्रयत्नाला बुधाची युती निवडू नका. शुक्र ४७ अंशांपर्यंत जातो, त्याच्यावर भिस्त ठेवा.

३. पूर्व क्षितिज शोधा

सगळ्यात जास्त वेळ यावर घाला. लेन्स उसनी मिळते, क्षितिज मिळत नाही.

मुंबईकरांना सवयीने मरीन ड्राइव्ह किंवा जुहू आठवतं, पण तिथला समुद्र पश्चिमेला आहे. पहाटेची युती तुमच्या पाठीमागे इमारतींत अडकलेली असेल. मुंबईत पूर्वेकडे उघडी जागा हवी तर ठाण्याच्या खाडीचा पश्चिम काठ बघायचा, शिवडीसारखा. पलीकडचे दिवे फोटोत येतील, पण पाण्यावर ते बरेही दिसतात.

कोकणात आणि गोव्यात हाच प्रश्न मोठा होतो. संध्याकाळची युती समुद्रावर फुकट मिळते, पहाटेची मात्र पूर्वेच्या डोंगरांआड राहते. किनाऱ्यावर थांबू नका, गावाच्या वरच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जा. तिथून पूर्वेला सह्याद्रीची रांग दिसते, पण ती लांब असल्याने क्षितिजापासून थोडीच वर येते, आणि फोटोत तिची काळी कडा छानच दिसते.

देशावर माळ हाताशी असतो. धरणाच्या पाण्याचा पश्चिम काठ मिळाला तर प्रतिबिंबही मिळतं, वारा पडलेला असला तर. गडावर जायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. बऱ्याच गडांवर रात्री थांबायला मनाई असते आणि पहाटे साडेचारला दरवाजा उघडलेला नसतो. निर्जन जागी एकटं जाऊ नका, गावात कोणाला तरी सांगून ठेवा, कुत्र्यांसाठी बिस्किटांचा पुडा ठेवा. शेवटची सूचना मला तरी ट्रायपॉडइतकीच उपयोगी पडली आहे.

४. एक-दोन पहाटा आधी रंगीत तालीम करा

ॲपमध्ये ग्रह नेमका कुठे आणि किती उंच असेल ते दिसतं. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत नाही. २९ एप्रिल २०२२ ला मी तालमीला गेले म्हणून कळलं, की जोडी पाचच्या सुमारास बरोबर शेजारच्या इमारतीच्या टाकीमागून वर येतेय. मग जागा बदलून सासवडजवळचा एक माळ ठरवला. १ मेला रविवार होता, त्यात महाराष्ट्र दिन, त्यामुळे सोबतीला दोघं तयार झाली. एरवी साडेतीनला निघायला कोण येतं?

तालमीत तीन गोष्टी टिपून ठेवा: ग्रह कुठून वर येतात, तुमच्या ठरलेल्या वेळी ते किती मुठी उंच असतात, आणि कुठला दिवा थेट लेन्समध्ये येतो.

५. लेन्स आणि उंचीचा मेळ घाला

हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मनातला फोटो असा असतो: खाली देवळाचा कळस, अगदी वर मोठे तेजस्वी ग्रह. त्यासाठी लोक लांब पल्ल्याची लेन्स लावतात. पण लांब लेन्सची चौकट लहान असते. साध्या डीएसएलआरवर (म्हणजे एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर) २०० मिमी लेन्स उभी धरली तरी आकाशाचे जेमतेम ७ अंश दाखवते, ३०० मिमी साडेचार. त्या १ मेला सव्वापाचला जोडी दोन मुठींच्या आसपास उंच होती. जमीन आणि जोडी एकत्र मावणं शक्यच नव्हतं. तेच ५० मिमी उभी धरली की सुमारे २७ अंश येतात आणि दोन्ही सहज मावतात.

म्हणून दोन वेगळे फोटो मनाशी ठरवा.

पहिला, जमिनीसकट. १८ ते ५० मिमी. खाली काहीतरी एकच, ठसठशीत आकाराचं हवं. मी बाभळीचं एकटं झाड निवडलं आणि त्याच्यापासून तीसेक मीटर मागे उभी राहिले. पाच मीटरचं झाड ३० मीटरवरून साडेनऊ अंशांचं दिसतं, म्हणजे जवळपास एक मूठ. जोडी त्याच्या वर मोकळ्या आकाशात राहिली. फार जवळ गेलात तर झाड आणि ग्रह एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत. ५० मिमी, एफ ५.६ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) पंचवीस मीटरपलीकडे राहिलात तर अडचण येत नाही.

दुसरा, नुसत्या जोडीचा, २०० ते ३०० मिमीवर. यात जमीन नाही, पण बक्षीस वेगळं आहे: गुरूचे उपग्रह. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेले ते चार ठिपके आजच्या साध्या झूम लेन्समध्ये येतात. चारही एका वेळी दिसतीलच असं नाही, एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो. गुरूचे पट्टे किंवा शुक्राची कला मात्र या लेन्सने दिसणार नाही. ३०० मिमीवर शुक्र पाच-सहा पिक्सेलांचाच होता.

६. फोकस हाताने, आणि एकदाच

ऑटोफोकस बंद. लेन्सवरची स्थिरीकरणाची कळही बंद, कारण ट्रायपॉडवर ती उलट थरथर आणू शकते. लेन्सवर अनंताची खूण असेल तर तिच्यावर विसंबू नका, ती क्वचितच बरोबर असते.

पडद्यावर लाइव्ह व्ह्यू सुरू करा, शुक्र मधोमध घ्या, दहापट मोठा करा आणि रिंग हळूहळू फिरवा. ठिपका लहान होत जाईल, मग पुन्हा फुगायला लागेल. सगळ्यात लहान होता तिथे परत या. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. झूम लेन्स असेल तर झूम बदलल्यावर फोकस पुन्हा करावा लागतो, हे मी दोनदा विसरले आहे.

७. किती वाजता, किती एक्स्पोजर

पूर्ण अंधारात ग्रह चांगले येतील असं वाटतं, पण येत नाहीत. म्हणजे ग्रह येतात, बाकी सगळं काळं येतं. उजाडल्यावर आकाश पांढरं होतं आणि गुरू पुसला जातो. मधली वीस मिनिटं आपली, सूर्योदयाच्या साधारण ५५ ते ३५ मिनिटं आधीची. आकाश गडद निळं, क्षितिजावर नारिंगी कड, झाडाची कडा काळी. १ मेला पुण्यात सूर्योदय सहाच्या थोडा पुढे होता, तेव्हा ही वेळ पाच दहा ते साडेपाच. तासभर आधी पोचा, नाहीतर फोकस लावण्यातच ती जाते.

५० मिमी, एफ ४ धरून सुरुवातीचे आकडे (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, सेकंद म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ):

- सूर्योदयाआधी ६० मिनिटं: आयएसओ ३२००, ३ सेकंद
- ४५ मिनिटं: आयएसओ १६००, २ सेकंद
- ३० मिनिटं: आयएसओ ४००, अर्धा ते १ सेकंद

हे आकडे सुरुवातीला पुरतात. पुढे पडद्यावर बघून दर चार-पाच मिनिटांनी वेळ कमी करत जा. झाडाची कडा स्पष्ट येण्यासाठी मी एफ ५.६ केलं आणि आयएसओ एक पायरी वाढवला.

३ सेकंदांवर का थांबायचं? पृथ्वी फिरते म्हणून, जास्त वेळ ठेवलं तर ठिपक्याची रेघ होते. किती सेकंद चालतील ते काढायला ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा, एपीएस-सी असेल तर आणखी दीडने. ५० मिमीला साडेसहा सेकंद येतात. हा जुना ठोकताळा आजच्या बारीक पिक्सेलांना सैल पडतो, म्हणून मी निम्माच धरते. २०० मिमीला त्याच हिशेबाने पाऊण सेकंद. उपग्रहांच्या फोटोला एफ ५.६, आयएसओ १६००, अर्धा सेकंद ठेवून बघा. शुक्र आणि गुरू भगभगीत पांढरे येतील, ते चालायचंच. शुक्र गुरूपेक्षा सहापट तेजस्वी होता, दोघांना एका फोटोत नीट न्याय देणं कठीणच.

फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या. बटण बोटाने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा. माझ्या २०१५ च्या शेवया या एका गोष्टीने निम्म्या झाल्या असत्या.

सूर्योदयाची वेळ मोबाइलवर लावून ठेवा आणि त्याआधी लांब लेन्स किंवा दुर्बीण पूर्वेकडून काढा. डोळा लावलेला असताना सूर्य चौकटीत आला तर डोळ्याला कायमची इजा होते.

८. फक्त मोबाइल असेल तर

निराश होऊ नका, पण दिवस वेगळा निवडा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात पाव अंशावरचे दोन ग्रह एकमेकांत मिसळून एकच फुगीर ठिपका होतो. १ ते ३ अंशांचं अंतर असेल तेव्हा मोबाइलमध्ये जोडी जोडीसारखी दिसते. म्हणजे अगदी जवळच्या युतीच्या एक-दोन दिवस आधी किंवा नंतर.

प्रो मोड असेल तर आयएसओ ८००, १ ते २ सेकंद, फोकस डोंगराच्या चिन्हावर. नसेल तर नाइट मोड, ट्रायपॉडवर. बोटांनी ताणून झूम करू नका, त्याने फोटो फक्त कापला जातो. मोबाइलची खरी ताकद रुंद दृश्यात आहे. एप्रिल-मे २०२२ मध्ये शुक्र, गुरू, मंगळ आणि शनी पूर्वेपासून आग्नेयेकडे तिरक्या रांगेत होते, आणि ती रांग मला मोबाइलवर जास्त चांगली मिळाली.

९. पावसाळ्याशी वाद घालू नका

१२ ऑगस्ट २०२५ ची शुक्र-गुरू युती मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ होती. दिवस श्रावणातला, त्यात अंगारकी. आठवडाभर चारचा गजर लावला. सहा पहाटा नुसता ढग. एकदाच चार-पाच मिनिटं ढग फाकले, तेवढ्यात तीन फोटो झाले, त्यातला एक बरा. ढगांच्या कडेवर शुक्राचा उजेड पडलेला. खरं सांगायचं तर तो फोटो मला मे महिन्यातल्या स्वच्छ फोटोपेक्षा जास्त आवडतो.

पावसाळ्यात करायचं एवढंच: झोपण्याआधी हवामान खात्याच्या इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रं बघा, सामान दाराशी भरून ठेवा, आणि घराजवळचीच जागा निवडा. ढगांसाठी पन्नास किलोमीटर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये ढगांऐवजी धुरकटपणा असतो. तेव्हा जोडी एक मूठ वर आल्याशिवाय रंग नीट येत नाहीत.

१०. घरी आल्यावर

रॉ फाइल उघडायला डार्कटेबल संगणकावर फुकट आहे, मोबाइलवर स्नॅपसीड चालतं. आकाशाचा उजेड थोडा कमी, पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) जरा थंड, म्हणजे निळसर, बस. निळा रंग ओढत नेऊन शाई केलेले फोटो लगेच ओळखू येतात. ग्रह मोठे दिसावेत म्हणून दुसऱ्या फोटोतून उचलून चिकटवू नका. जमीन आणि ग्रह वेगवेगळ्या फोटोंतून जोडले असतील तर खाली तसं लिहा.

उत्साह असेल तर एक खटाटोप करून बघा: एकाच जागेवरून, एकाच वेळी, तीच लेन्स लावून सलग सहा-सात पहाटा फोटो. गुरू रोज थोडा वर येत जातो आणि शुक्र त्याला ओलांडून खाली सरकतो. मला मध्ये दोन दिवस ढगांनी चुकवले, तरी पाच फोटो शेजारी लावल्यावर ग्रह सरकतात म्हणजे काय ते आमच्या घरातल्या आठवीतल्या मुलाला न समजावता कळलं.

पुढची संधी

१६ नोव्हेंबर २०२६ च्या सुमारास मंगळ आणि गुरू सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या परिसरात, साधारण सव्वा अंशावर येतात. पावसाळा संपलेला, चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळलेला. एक फरक लक्षात ठेवा: ही जोडी मध्यरात्रीनंतर लगेच उगवते आणि पहाटेपर्यंत डोक्याच्या जवळ पोचते. झाड किंवा कळस खाली हवा असेल तर रात्री दीड-दोनलाच उभं राहावं लागेल, आणि तेव्हा आकाश निळं नसेल. झाडावर टॉर्चचा हलका उजेड मारावा लागेल. नुसत्या जोडीचा, उपग्रहांसकट फोटो हवा असेल तर पाचला गच्चीवर गेलात तरी चालेल, टाकी आड येणार नाही. शुक्र आणि गुरू पहाटे पुन्हा जवळ येतात ते नोव्हेंबर २०२८ मध्ये.

चावीवाल्या काकांना मी आताच सांगून ठेवलंय.